‘ना’पासून सुरू होणारं गाणं

गल्फमध्ये राहून आलेल्या माणसाकडे दोन गोष्टी हमखास साठतात. ब्लँकेटं आणि किस्से! ब्लँकेटं नातेवाईक हक्काने उचलून नेतात. किस्से मात्र तसेच पडून राहतात, कारण ते घडले तेव्हा सांगायला जवळ कोणी नव्हतं. घरी फोन लावला की ‘बरी आहेस ना?’, ‘पोरगी काय करते?’ एवढ्यात कार्ड संपायचं. त्यात जपानी गाण्यांचे किस्से कोण सांगत बसणार? म्हणून आता सांगतो. ऐका.

नव्वदचं दशक. रास अल खैमाला डोंगराच्या पायथ्याशी सिमेंट कारखान्याची नवी भट्टी उभी राहत होती. कंत्राट जपानी कंपनीचं, इंजिनियर जपानी, आणि केबल, वेल्डिंग आणि जड यंत्रं उचलायचं रिगिंग करणारे आम्ही. मी केबलवाला. बायको-पोरगी साताऱ्याला. मला मिळाला होता बॅचलरचा व्हिसा, म्हणजे लग्न झालेल्या माणसाने पुन्हा बॅचलर होऊन दाखवायचं!

* * *

कॅम्पात एक मोठी पोर्टाकॅबिन होती, तिला सगळे हॉल म्हणायचे. तिथे टेप, दोन स्पीकर, माइक आणि भिंतभर जपानी गाण्यांच्या कॅसेटी. जपानच्या हेड ऑफिसातल्या कुणा शिस्तीच्या माणसाने खास साइटसाठी भरून पाठवलेल्या. एका कॅसेटीत एकच गाणं. एका बाजूला गाणं, दुसऱ्या बाजूला त्याचं नुसतं म्युझिक, म्हणजे आपण गायचं. शुक्रवारी सुट्टी, म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी जपानी तिथे गायला जमायचे. प्रत्येक खणावर एकच जपानी अक्षर. गाण्याच्या नावाचं पहिलं अक्षर ज्या खणाचं, त्या खणात ते गाणं.

हॉलची चावी आमच्या कदमकडे. कदम गुहागरचा, कॅम्पचा इलेक्ट्रिशियन. त्याच्या आधी स्टोअरमधल्या एका बहाद्दराने साफसफाई करताना सगळ्या कॅसेटी कव्हरच्या रंगाप्रमाणे लावल्या होत्या. लाल एकीकडे, निळ्या एकीकडे. दिसायला झकास! त्या गुरुवारी जपान्यांना एक गाणं सापडेल तर शपथ.

मग कुबो नावाचा तरुण इंजिनियर कदमला खण शिकवायला बसला. “आ, इ, उ, ए, ओ. का, कि, कु, के, को.” कदम ताडकन उठला. “साहेब, ही तर आमची बाराखडी! तुम्ही कधी नेलीत?”

कुबो म्हणाला, “सॉरी.”

* * *

ओकुमुरा-सान म्हणजे यंत्रं एका रेषेत बसवणारे म्हातारे फोरमन. भट्टी पेटली की ते रिटायर होणार होते. कुणात फारसे मिसळायचे नाहीत. एका शुक्रवारी दुपारी हॉलमध्ये कोणी नसताना ते कदमकडे आले आणि मोजकं बोलले. “माय वाइफ. किचन. ऑल डे, सेम साँग. स्टार्ट... ना.”

बायको आदल्या वर्षी गेली. हे तेव्हा कुठल्याशा साइटवर. उभा जन्म साइटवर काढला, गाण्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आता रिकाम्या घरी परत जायचं तर ते गाणं बरोबर हवं, एवढंच त्यांचं म्हणणं.

गुणगुणून दाखवा म्हटलं, तर त्यांनी हं-हं-हं केलं. नंतर दोन-चार जपान्यांसमोरही करून पाहिलं, पण एकालाही ओळखता येईना. कदमने ‘ना’चा खण उघडून दिला. “टेन्शन नको, ओकुमुरा-सान. इन्शाल्ला मिळणार!”

तेव्हापासून दर शुक्रवारी जेवण झालं की म्हातारा खुर्ची ओढून टेपसमोर बसायचा. एक गाणं ऐकायचं, मान हलवायची, पुढचं लावायचं. साइट बंद, बाहेर ऊन मी म्हणतंय, आणि हा माणूस एकटाच बायकोचं गाणं शोधतोय. मला बघवायचं नाही. आणि तिथून निघूनही जाववायचं नाही.

* * *

जपान्यांचा एक कडक नियम होता. प्रत्येकाचं एक स्वतःचं गाणं. ते दुसऱ्याने गायचं नाही! कुठे लिहिलेलं नव्हतं, पण भल्याभल्यांची तो मोडायची टाप नव्हती.

कुबो नवीन होता तेव्हा त्याने हौसेने चीफ अकाउंटंटचं गाणं धरलं. गायला सुरेख. पण हॉलमध्ये अशी शांतता पसरली की एसीचं पाणी टपकताना ऐकू यावं. दुसऱ्या दिवशी कुबो मिठाईचा बॉक्स घेऊन अकाउंटंटच्या दारात उभा!

कदम वैतागला. “काय माणसं आहेत, भाऊ! आमच्याकडे गणपतीत एक आरती सगळं गाव एकदम ओरडतं, कोणी कोणाची माफी मागत नाही.”

मी विचारलं, “तू गेल्या गणपतीत होतास का गावी?”

“नाय ना,” म्हणाला. मग बराच वेळ टेपचं हेड पुसत बसला.

* * *

सुट्टीच्या दिवशी दुबईला बस जायची. बसमध्ये आमची अंताक्षरी. कुबो एकदा हट्टाने आमच्या टीममध्ये बसला. गाणी कुठून येणार? म्हणून त्याला शेवटचं अक्षर ओरडायचं काम दिलं. त्यांच्यातही असाच एक शब्दांचा खेळ असतो म्हणे.

पहिलं गाणं संपलं, कुबो ओरडला, “हा!” दुसरं संपलं, “हा!” आपली हिंदी गाणी, सगळी ‘है’वर संपणार. शारजा येईपर्यंत त्याचा घसा बसला. शेवटी त्याने मला गंभीरपणे विचारलं, “इंडियामध्ये दुसरं अक्षर एक्स्पोर्ट करतात का?”

* * *

हा किस्सा माझाच. सुट्टीवरून परत येणाऱ्या एकाबरोबर बायकोने कॅसेट भरून पाठवली. मी ती ऐकायला हॉलमध्ये नेली आणि आमच्या केबलच्या फोरमनने हाक मारली म्हणून टेपजवळच ठेवून गेलो. कदम आवरायला आला. कॅसेटवर नाव नाही. त्याने थोडी लावून पाहिली, नुसती खरखर. परत थोडी पुढे नेली, तर पहिला शब्द ‘अहो’. लगेच बंद केली आणि, बायकोची आहे कळूनही, पट्ठ्याने ‘आ’च्या खणात ठेवली! म्हणे, “भाऊ, तिथे ठेवली की सापडणार, म्हणून!”

गुरुवारी संध्याकाळी कुणीतरी ‘आ’मधलं गाणं मागितलं. घाईत हीच लागली. सगळे साहेब लोक माइकभोवती उभे, आणि दोन्ही स्पीकरमधून साताऱ्याचा आवाज: “अहो, ऐकताय ना? गॅस संपलाय. पोरीला ताप होता, आता उतरलाय. काळजी करू नका. तुमचा निळा शर्ट मी अजून धुतलेला नाही.”

मी धावत टेपपाशी गेलो. इशिदा-सान, म्हणजे आमचे साइट मॅनेजर, त्यांनी हात आडवा धरला. कुणाला एक शब्द कळत नव्हता, पण सगळे खाली मान घालून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मधे कुकरची शिट्टी झाली तेव्हा अकाउंटंटने डोळे पुसले. मला घरची एवढी आठवण कधीच आली नव्हती. आणि लाजही तेवढीच वाटली.

संपल्यावर टाळ्या पडल्या! पुढच्या गुरुवारी कुबो हळूच येऊन विचारतो, “आहो साँग, प्लीज?”

* * *

इकडे ‘ना’चा खण संपत आला. भट्टीचं कामही संपत आलं. गाणं काही मिळेना.

एका शुक्रवारी इशिदा-सान पाणी प्यायला हॉलमध्ये डोकावले. हा काय प्रकार, म्हणून चौकशी केली आणि कपाळाला हात लावला. खण लावलेत गाण्यांच्या नावावर, आणि ओकुमुरा-सानना माहीत होता गाण्यातला पहिला बोल. जपानी गाण्याचं नाव एक आणि सुरुवात भलतीच असू शकते! आपल्याकडे गाण्याची पहिली ओळ तेच गाण्याचं नाव. कदमच्या आणि माझ्या डोक्यात दुसरं काही येणारच नव्हतं.

“तुम्ही बोलला का नाही?” कदम रडकुंडीला आला.

ओकुमुरा-सान उभे राहिले, वाकले. “कदम-सान, व्हेरी काइंड.”

म्हणजे चुकीचा खण आहे हे म्हाताऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! समोरच्याने एवढ्या प्रेमाने उघडून दिला, तर नाही कसं म्हणायचं?

* * *

मग आमच्या बॅरेकमधले सगळेच कामाला लागले. वेल्डर, रिगर, मेसचा आचारी. यल्ला, चला म्हटलं, खणामागून खण काढले. प्रत्येक गाण्याचा फक्त पहिला बोल ऐकायचा. ‘ना’ असेल तर टेबलावर, नसेल तर परत जागेवर. जपानी कुणाच्या बापाला येत नव्हतं, पण ‘ना’ ऐकायला जपानी कशाला यायला हवं?

भट्टी पेटली. ओकुमुरा-सानचं तिकीट हातात आलं. शेवटच्या शुक्रवारी टेबलावरच्या कॅसेटी त्यांच्यासमोर ठेवल्या. सगळे भोवती उभे, इशिदा-सानसुद्धा. एक झालं, दुसरं झालं. मान हलत होती. मग एका गाण्याला हलायची थांबली.

“मिळालं!” कदम ओरडला. “खलास!” आम्ही एकमेकांच्या पाठीवर थापा मारतोय, आचारी तर नाचायलाच लागला. म्हाताऱ्याने गाणं संपेपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, “सेम साँग. बट माय वाइफ... नॉट सेम.”

आमचे चेहरे उतरले. कदमला काय सुचलं देव जाणे, त्याने कॅसेट उलटी केली, नुसतं म्युझिक लावलं आणि माइक त्यांच्या हातात दिला. इतक्या महिन्यांत ओकुमुरा-सान पहिल्यांदा गायला लागले. म्युझिक वर जायचं तिथे हे खाली. म्युझिक थांबायचं तिथे हे पुढे. मधेच एक ओळ गाळली, एक दोनदा घेतली. पण कसे गात होते! डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून.

इशिदा-सान गाण्यातले पक्के. त्यांना राहवेना. ते अगदी अदबीने जवळ गेले. “ओकुमुरा-सान, इट इज राँग.”

ओकुमुरा-साननी डोळे उघडले. आम्ही त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

“येस,” म्हणाले, “राँग!” आणि कदमला खूण करून गाणं पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.