गाव न लिहिलेला आवाज

"आधी मुकं दाव," असं म्हणत अण्णा स्वतःच पुढं होऊन स्पीकर बंद करायचे. मग हात पोटावर बांधून खुर्चीत मागं रेलायचे आणि ट्रेलर आवाजाशिवाय दोनदा पाहायचे. घाई मला असायची, त्यांना कधीच नसायची.

बसवकल्याणात माझं एडिटिंगचं छोटं दुकान आहे. लग्नाचे व्हिडिओ हे पोटापाण्याचं काम. पण आमच्या भागातली हौशी मंडळी मराठीत, कन्नडमध्ये, दखनीत सिनेमे काढतात आणि फोनवर सोडतात, त्यांचे ट्रेलर मी कापतो. त्यांना संगीत निवडून द्यायचे ते अण्णा. पूर्वी त्यांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्न, जत्रा, विहारातले कार्यक्रम, जिथं भोंगा लावायला जायचे तिथले आवाज ते टेपवर भरून आणायचे.

तुम्ही-आम्ही ट्रेलर बघतो म्हणजे चित्र बघतो, अशी आपली समजूत असते. अण्णांना ती मान्य नव्हती. एकदा एका विनोदी सिनेमाच्या ट्रेलरला मी ठसक्यात ढोलकी लावली, तर त्यांनी ती काढायला लावली आणि तिथं मुडबीच्या लग्नात पंगत वाढणाऱ्यांचा नुसता गलका टाकला. "हसा म्हणून सांगायलास कामून? लोकं काय येडे हायत का?" ट्रेलर पहिल्यांदा दाखवला तेव्हा नेमका त्या गलक्यावरच हशा पिकला.

त्यांच्या कॅसेटींना बुरशी धरली तेव्हा मी सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. प्रत्येक कॅसेटवर फक्त गावाचं नाव: मुडबी, कडगंची, कमठाणा. कोण गातंय, काय वाजतंय, हे ते लिहायचे नाहीत. ते त्यांच्या डोक्यात असायचं. एका कॅसेटवर मात्र गावही नव्हतं. काम झाल्यावर त्यांनी कॅसेटी भंगारात देऊन टाकल्या. आता तुझ्यापाशी आहेत की, म्हणाले.

पुढं एक भुताचा सिनेमा आला. अण्णा कमठाण्याला लेकीकडं गेले होते आणि निर्मात्याला दुसऱ्याच दिवशी ट्रेलर हवा होता. मी फाईली चाळल्या. गाव नसलेल्या फाईलमध्ये एक बाई शब्दांशिवाय पाळणा गुणगुणत होती, मध्येच बांगड्या वाजत होत्या. मी तिचा वेग कमी केला, विहिरीतून आल्यासारखा घुमारा दिला आणि त्याच फाईलवर सेव्ह करून टाकलं. बेवारस आवाज, कोण विचारतंय, असं वाटलं. ट्रेलर जोरात चालला. लोक अंगावर काटा आल्याचं सांगायचे आणि मी फुशारून जायचो.

अण्णा परतले तेव्हा मी मोठ्या कौतुकानं त्यांना बसवलं. त्यांनी रिवाजाप्रमाणं दोनदा मुकं पाहिलं. पडक्या घरात एक रिकामा पाळणा हलतो, एवढंच दृश्य. मग त्यांनीच आवाज लावला. पोटावर बांधलेले हात सुटले.

"हे कुठनं घेतलास?"

मी म्हणालो, त्या फाईलवर गाव लिहिलेलं नव्हतं, मला वाटलं कुणाचं तरी असेल.

"तिला गाव कुठलं लिवू? घरातच होती की ती."

तो त्यांच्या बायकोचा आवाज होता. लेक वर्षाची व्हायच्या आत ती गेली. एका दुपारी ती लेकीला झोपवत असताना, नवा माईक तपासायचा म्हणून त्यांनी तेवढं भरून घेतलं होतं. तिचा दुसरा आवाज कुठंच नव्हता. मूळ लाव, म्हणाले. मूळ नव्हतं, त्याच्यावरच मी सेव्ह केलं होतं.

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, लोक तिला खरंच घाबरतात का. मी हो म्हणालो.

"ती तर घरात शिरलेल्या कुत्र्यालाबी हाड म्हणत नव्हती," ते म्हणाले.

निर्मात्याच्या पाया पडून मी ट्रेलर काढायला लावला, पण लोकांच्या फोनमधून तो कुठला निघतोय. मग महिनाभर रोज दुपारी शटर अर्धं ओढून मी तो आवाज सरळ करायला बसायचो. वेग वाढवायचो, घुमारा खरवडायचो. अण्णा हेडफोन लावून डोळे मिटायचे. जवळ आली, म्हणायचे, आणि मग मान हलवायचे. "पन ही न्हाई."

एके दिवशी त्यांनी मध्येच हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"ऱ्हाऊ दे बाबा. आता मला घरातबी तुझीच ऐकू यायलीय. माझी कशी होती, ध्यानातच येईना."

चोराला चोरी परत तरी करता येते. मला तेही जमलं नाही, आणि ही लाज अजून माझ्या पोटात आहे. अण्णा त्यानंतर दुकानात आले नाहीत. मी घरी जायचो, ते चहा पाजायचे, इकडचं तिकडचं बोलायचे. गेल्या उन्हाळ्यात ते वारले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर त्यांची लेक दुकानात आली. अण्णा सांगायचे, म्हणाली, आईचा आवाज तुमच्यापाशी जपून ठेवलाय. पुढचं काही त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. तिला अण्णांच्या खुर्चीत बसवून मी त्यातल्या त्यात जवळ आलेली फाईल लावली. तिनं डोळे मिटले. टेपवरचा मूळ आवाज ऐकलेला आता मी एकटाच उरलो होतो, आणि मलाही तो आठवत नव्हता. ऐकता ऐकता तिचा पाय हळूहळू झोका दिल्यासारखा हलायला लागला.

"आईचा आवाज असाच होता का ओ?" तिनं विचारलं.

"व्हय," मी म्हणालो, "अगदी असाच."