चार्ट चुकीच्या हातात गेला

“खरं सांग महादेवी, चोरून काय खातेस?” मी विचारलं. ओपीडी भरलेली होती. बाकावरच्या सगळ्या गरोदर बायांनी माना वळवल्या. महादेवी रडायलाच लागली.

“शपथ घेऊन सांगते म्याडम, तुमी लिवून दिलेलं सोडून दुसरं कायबी खाल्लेलं न्हाय.”

माझा विश्वास बसला नाही. आम्हा डाएटिशियन लोकांचा पेशंटवर विश्वास नसतो आणि स्वतःच्या डाएट चार्टवर मात्र भलताच असतो. सोलापुरातल्या एका मॅटर्निटी हॉस्पिटलमध्ये मी बरीच वर्षं हे काम करते. माझ्याकडे बघून ते कुणाला पटत नाही, ही गोष्ट वेगळी. मध्यंतरी एका नव्या वॉर्डबॉयने लिफ्टपाशी मला मोठ्या आदराने व्हीलचेअर आणून दिली होती. पन्नाशी उलटलेल्या बाईला कितवा महिना असेल, एवढाही विचार त्याने केला नाही.

महादेवीला सहावा महिना होता आणि गरोदरपणातला डायबेटिस होता. हा प्रकार थोडक्यात सांगते. वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून, काही हार्मोन्स सुटतात. ती आईच्या इन्सुलिनच्या कामात आडवी येतात. बहुतेक बायांचं शरीर जादा इन्सुलिन तयार करून वेळ निभावून नेतं. काहींचं कमी पडतं. मग साखर आईच्या रक्तात साठते आणि तिथून बाळाकडे जाते. बाळ प्रमाणाबाहेर वाढतं, बाळंतपण अवघड होतं, आणि साखर फारच हाताबाहेर गेली तर बाळ पोटात दगावण्याचीही भीती असते. पुष्कळ जणींची साखर नुसत्या खाण्यापिण्याने आणि चालण्याने आटोक्यात राहते. बाकीच्यांना इन्सुलिन द्यावं लागतं.

महादेवीचं पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. तेव्हा ती दुसरीकडे दाखवत होती आणि तिची शुगर तपासलीच गेली नव्हती. त्यामुळे कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. या वेळी ती खुर्चीवर बसतानासुद्धा पोटावर हात ठेवून बसायची. अशा पोरीला मी भरल्या ओपीडीत चोर ठरवलं होतं.

जेवणानंतर दोन तासांनी तिची साखर एकशे वीसच्या आत हवी होती. ती काही केल्या एकशे पन्नासच्या खाली येत नव्हती. आमच्या डॉक्टर मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“दोन आठवडे तुझ्या चार्टला दिले. अजून चार दिवस देते. नाहीतर इन्सुलिन सुरू. आणि तोंड पाडू नकोस. इन्सुलिन म्हणजे तू नापास झालीस असं नसतं.”

“छे, मला कुठे तसं वाटतंय,” मी म्हटलं. मला अगदी तसंच वाटत होतं.

बाहेर येऊन मी महादेवीला माझा खास सल्ला दिला. “हे बघ, ताटात जास्त पडलं तर उरलेलं सरळ सोडून द्यायचं. भिडेखातर खायचं नाही.” तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला देव्हाऱ्यात चपला घालून जायला सांगतेय. पण मान हलवली. मी खूश झाले.

दुसऱ्या दिवशीची साखर पुन्हा तीच. मग मी ठरवलं, घरी जाऊन प्रत्यक्ष ताटच बघायचं. ग्लुकोमीटर पर्समध्ये टाकला आणि जेवणाच्या वेळेला, आधी न कळवता, शुक्रवार पेठेत तिच्या घरी थडकले. मला वाटलं होतं, आपण धाड टाकतोय. प्रत्यक्षात त्या वेळेला आलेला माणूस तिथे जेवायलाच आलेला असतो.

“या म्याडम, हात धुवा,” महादेवीच्या सासूबाई म्हणाल्या. शांतव्वा त्यांचं नाव. कपाळभर विभूती, आवाज खणखणीत.

“मी जेवायला नाही आले. महादेवी काय जेवते ते तपासायला आलेय.”

“मग जेवता जेवता तपासा की. उपाशी मानसाला काय दिसतंय?”

मी बसले. महादेवी शेजारी, समोर शांतव्वा. भाकरी, मटकीची उसळ, मेथीची भाजी, शेंगाचटणी, दही. ताट माझ्या चार्टाबरहुकूम होतं. मला अभिमान वाटला. चार्टातली एक भाकरी संपत आली तशी महादेवी म्हणाली, “साक, अत्ती.” त्या घरात आपसात कानडी चालते. साक म्हणजे पुरे, अत्ती म्हणजे सासू. “व्हय व्हय,” असं म्हणत शांतव्वांनी दुसरी भाकरी तिच्या ताटात ठेवली. मग भात. मग आमटीसाठी थोडा आणखी भात. मग भात उरला म्हणून आमटी. प्रत्येक वेळी महादेवी साक म्हणत होती आणि प्रत्येक वेळी ताटात काहीतरी पडत होतं.

मी डोळ्यांनी तिला खूण केली, सोडून दे म्हणून. तिने मान खाली घातली आणि शेवटच्या शितापर्यंत ताट संपवलं. मग ताटात थोडं पाणी ओतलं, बोटांनी ताट निपटून घेतलं आणि ते पाणी पिऊन टाकलं.

शांतव्वांनीही तेच केलं. “आमच्यात ताटात कन ऱ्हाऊ देत न्हाईत म्याडम. परसाद असतोय त्यो.”

इतकी वर्षं या गावात राहते. इथल्या विभूती लावणाऱ्या घरांत ताट धुऊन पितात हे मला माहीत नव्हतं, असं नाही. चार्ट लिहिताना ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं, इतकंच. महादेवी चार्टाबाहेरचं खरंच खात नव्हती. चार्टातलंच दुप्पट खात होती, कारण वाढलेलं टाकता येत नव्हतं आणि वाढणारीला थांबवता येत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग थांबवायचं की. तर माझ्या ताटाचं काय झालं तेही सांगते. पाहुणी म्हणून मला शेंगदाणे-गूळ भरलेली शेंगापोळी होती, वर साजूक तूप. पहिली मी चवीसाठी घेतली. दुसरीला “नको” म्हटलं. तिसरीला “खरंच नको” म्हटलं. दोन्ही खाल्ल्या. न्यूट्रिशनची डिग्री, वर डायबेटिसचा डिप्लोमा, आणि मला एका पोळीला थोपवता आलं नाही. महादेवीने बघून न बघितल्यासारखं केलं. चांगली पोरगी आहे.

दोन तासांनी मी ग्लुकोमीटर काढला. शांतव्वा लगेच मधे आल्या. “सारकं सारकं बोट टोचून पोरीचं रगत काडताय तुमी.”

“काही दुखत नाही. हे बघा, आधी माझंच घेते.” मी ऐटीत बोट टोचलं आणि पट्टीला थेंब लावला.

महादेवीने आकडा वाचला. “म्याडम, दोनशे चौदा.”

“मशीन बिघडलं असेल,” मी म्हटलं. मशीन बिघडलंय असं म्हणणाऱ्या पेशंटची मी आजवर किती थट्टा केलीये, ते इथे लिहीत नाही.

सुई आणि पट्टी बदलून महादेवीची साखर पाहिली. एकशे चोपन्न. शांतव्वांनी आपणहून हात पुढे केला. “माजं बी बगा.” एकशे अकरा.

“ह्ये कसं काय? मी बी तेवडंच जेवले की पोरीएवडं.”

“तेच सांगतेय. जेवण तेच असलं तरी तुमच्या शरीराला ते पेलतं. तिच्या शरीराला सध्या पेलत नाही.”

“आन तुमाला?”

“मला बहुतेक कधीचंच पेलत नसणार.”

शांतव्वा हसल्या. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, “मागल्या खेपेला हिला लई उलट्या व्हत्या. जेवनच जाईना. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे, बळंबळं कशाला वाढायचं. आटव्या म्हैन्यात लेकरू गेलं. आता परत कमी वाढू व्हय मी? कोनत्या हातानं वाढू?”

महादेवीने हे आधी कधी ऐकलं नसावं. ती सासूकडे बघतच राहिली. मला गलबलून आलं. दोन आठवडे मी दोष पेशंटच्या जिभेत शोधत होते, आणि इथे ही बाई प्रत्येक पळीबरोबर आपली चूक भरून काढू बघत होती.

“ते बाळ का गेलं, मला सांगता येणार नाही,” मी म्हटलं. “पण तुम्ही वाढलं नाही म्हणून गेलं असं कुठल्याही डॉक्टरने तुम्हाला सांगितलेलं नाही. आणि आता कमी वाढू नका. जास्त वेळा वाढा.”

“म्हंजे?”

“दोन वेळा भरपूर वाढता ते दिवसातून सहा वेळा थोडं थोडं वाढायचं. आधी भाजी आणि उसळ, मग भाकरी एकच, भात दोन घास. मधे ताक, भाजलेले फुटाणे, मूठभर शेंगदाणे. तिचं ताट तुम्ही सांभाळायचं. ती साक म्हणायच्या आधी तुम्ही थांबायचं. आणि जेवण झालं की दोघींनी चालायला जायचं.”

“सा वेळा वाढायचं?” शांतव्वांचा चेहरा उजळला. “मग आदीच सांगायचं की ह्ये!”

आधी सांगितलं होतं. चार्टात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. फक्त तो चार्ट मी जेवणाऱ्या बाईला दिला होता.

मॅडमनी दिलेल्या चौथ्या दिवशी महादेवीची साखर एकशे सोळा आली. अधूनमधून एखादा आकडा वर जायचा, मॅडमनी इन्सुलिनची तयारी ठेवलेलीच होती, पण ते लागलं नाही. कुबसाच्या दिवशी, म्हणजे त्यांच्याकडच्या डोहाळजेवणाला, नात्यातल्या बाया हुग्गीच्या वाट्या घेऊन तिला भरवायला पुढे सरसावल्या. गुळातली ती गव्हाची खीर बघून मीही उठले. शांतव्वा सुनेपुढे उभ्या राहिल्या. “एक चमचा. समद्यांचा मिळून एकच चमचा. ज्येला वाटतंय त्येनं हात लावावा चमच्याला.” सात-आठ बायांनी मिळून एक चमचा धरून भरवलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

मुलगी झाली, पूर्ण दिवसांची, तीन किलोच्या आत. लेबर रूमच्या बाहेर तिचं रडणं ऐकू आलं तेव्हा शांतव्वा भिंतीला टेकून खालीच बसल्या. मीही त्यांच्याशेजारी बसले. आम्ही दोघी रडलो. मला उठवायला मात्र दोन सिस्टर लागल्या.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी शुगर पुन्हा तपासतात, कारण ज्यांना हा त्रास झाला त्यांना पुढे डायबेटिस होऊ शकतो. महादेवीची नॉर्मल आली. माझीही एव्हाना तपासून झाली होती. तो ग्लुकोमीटर चांगला होता, अजून चालतोय.

आता मी चार्ट पेशंटला देत नाही. घरात वाढणाऱ्या माणसाला बोलावते, समोर बसवते आणि त्याच्या हातात देते. याने फार फरक पडतो. मॅडमनी परवा माझा रिपोर्ट बघून विचारलं, “मग तुझा चार्ट कुणाच्या हातात दिलास?” आमच्या घरी वाढणारी मीच, जेवणारीही मीच. तिथेच सगळं अडलंय.