पोरींच्या मंडळाचा जिम्मा

आमचं घर एका जागेवरून तसूभरही हललं नाही, पण जिल्हे मात्र बदलत गेले. आजोबा जिल्हा म्हणून बिदर सांगायचे, वडील उस्मानाबाद सांगायचे आणि मी नववीत गेले तेव्हा आम्ही लातूरचे झालेलो होतो. जळकोट तेव्हा तालुकाही नव्हतं. उदगीर तालुक्यातलं एक मोठं गाव, एवढंच. नव्या जिल्ह्याचं कौतुक पुढाऱ्यांना असेल, कचेरीतल्या साहेबांना असेल. गावाला पडली होती पाण्याची. पाऊस लागोपाठ दगा देऊन गेला होता आणि माणसं आभाळाकडे बघायचीसुद्धा कंटाळली होती. अशा गावात नव्या जिल्ह्याचा खराखुरा आनंद झाला तो आम्हा पोरींना आणि त्याचं कारण खो-खो.

उस्मानाबादला सामने म्हणजे मुक्काम पडायचा आणि पोरींना मुक्कामी कोण पाठवणार? लातूरला सकाळच्या एसटीनं जाऊन रात्रीच्या जेवणापर्यंत परत येता यायचं. जिल्हा जवळ आला म्हणजे आमच्यापुरतं एवढंच झालं होतं, पण आमच्यापुरतं ते फार होतं.

मंडळ काढलं आक्कानं. आक्का म्हणजे बाजारातल्या किराणा दुकानदाराची थोरली मुलगी. लिंगायतांच्या घरात मोठ्या बहिणीला आक्का म्हणतात. तिच्या धाकट्या भावंडांचं ऐकून सगळं गावच तिला आक्का म्हणायला लागलं. उदगीरच्या कॉलेजात ती खो-खो खेळलेली. शिक्षण संपवून घरी आली, तिला स्थळं बघणं सुरू झालं आणि तेवढ्या फुरसतीत तिनं मंडळ काढलं. स्थळ जमू नये असं आम्ही मनातल्या मनात म्हणायचो आणि देव त्या काळात फक्त आमचंच ऐकत होता.

मंडळ म्हटलं की गणपती आणि वर्गणी, एवढंच गावाला माहीत. पोरींचं मंडळ म्हणजे काय भानगड आहे, ते बघायला महादेवाच्या देवळापुढं बरीच माणसं जमली. आक्कानं बोलावलंच होतं मुळी मोठ्यांना. आम्ही पोरी मागं, भिंतीला टेकून. ती म्हणाली, मैदान मुरमाचं आहे, वाळून दगड झालंय. त्यावर चांगलं पाणी मारायला कुणी देणार नाही आणि मी मागणारही नाही. तेव्हा प्रत्येक पोरीनं घरातलं वापरलेलं पाणी, आंघोळीचं म्हणा, धुण्याचं म्हणा, डब्यातून मैदानावर आणायचं. लागलं, पडलं तर लपवायचं नाही. खेळ संपला की मी स्वतः एकेकीला तिच्या दारापर्यंत सोडीन आणि आतून ‘आली’ असा आवाज आल्याशिवाय दारातून हलणार नाही. इथवर माना हलत होत्या. मग ती म्हणाली, रोज एका घरातलं एक मोठं माणूस मैदानावर येऊन बसेल. पाळीपाळीनं.

त्यावर सगळ्यात आधी माझे वडील तापले. तापटपणा आमच्या घरात वडिलोपार्जित आहे. जमीन वाटून वाटून कमी झाली, तो नाही झाला.

“खेळणार पोरी, मंडळ तुमचं, आन् आमी कामून येऊन बसायचं?”

“काका, मंडळ माझं हाय, पण पोरी तुमच्या हायेत म्हून,” आक्का म्हणाली.

वडलांनी मान हलवली. ते कुणाचं ऐकतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं आणि तेव्हाच आक्का मला भयंकर आवडली.

पाळ्या सुरू झाल्या आणि एक गंमत झाली. आया यायच्या त्या मांडीवर सुपात तूर घेऊन निवडत बसायच्या आणि आमच्याहून मोठ्यांदा ओरडायच्या. पण वडील मंडळींची पंचाईत झाली. ओढण्या कमरेला खोचून पळणाऱ्या वाढत्या पोरींकडे बघत कसं बसायचं? दुसऱ्यांच्या लेकी त्या. तेव्हा माझ्या वडलांनी तोडगा काढला. ते मैदानाकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसले. राखण तर झाली आणि मर्यादाही राहिली. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या बापांनी तीच पद्धत उचलली. त्यामुळे मागं काय चाललंय हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. माझा आवाज मोठा, म्हणून मी चांगली खेळते असा वडलांचा समज झाला होता. समज खरा होता, हे माझं मी सांगते.

उन्हाळा जवळ आला तसा चारा संपला. अर्धापूरला माझे मामा होते. त्यांच्याकडे कालव्याचं पाणी, केळीची बाग. गुरं घेऊन आमच्या घरच्या सगळ्यांनीच पाऊस पडेपर्यंत तिकडं जायचं ठरलं. कंधारवरून गुरं हाकत न्यायची, एक मुक्काम कंधारला करायचा, हेसुद्धा ठरलं. आमच्या आळीतली कितीतरी घरं अशीच पाण्याच्या गावाला गेली होती. पावसाळा आला की गुरं परत यायची. पोरी येतीलच असं नसायचं. कुणी तिकडंच कामाला लागलेली, कुणाचं तिकडंच स्थळ जमून थोडक्यात लग्न उरकलेलं. शाळेच्या पटावरून नाव गेलं की कुणी विचारायलाही येत नसे. मला हे सगळं दिसत होतं. त्यात लातूरला नव्या जिल्ह्याच्या मुलींच्या संघाची पहिलीवहिली निवड होणार होती आणि मी आमच्या संघाची कप्तान. मी जेवण सोडलं, आदळआपट केली. वडलांनी माझ्या दुप्पट केली.

मग आक्का घरी आली. वडील ओसरीवर दावी वळत बसले होते. तिनं इकडचं तिकडचं काही न बोलता सांगितलं की पोरीला ठेवा, शाळाही बुडणार नाही. वडलांनी हातातलं दावं खाली ठेवलं.

“हिचा जिम्मा घेताल?”

“घेते.”

“तोंडानं घेणं सोपं हाय, आक्का.”

“जशी देताल तशी परत देईन,” ती म्हणाली.

एवढं मोठं बोलून ती गेली खरी, पण तिनं स्वतःच्या घरी काहीच विचारलेलं नव्हतं. तिच्या वडलांना आम्ही अप्पा म्हणायचो. अप्पांनी म्हणे तराजू तसाच हातात धरून सगळं ऐकून घेतलं, आधी विचारायचं असतं एवढं लेकीला ऐकवलं आणि संध्याकाळी टोपी घालून आमच्याकडे आले. पाहुणी म्हणून ठेवणार नाही, म्हणाले. पाहुण्याला परत जावं लागतं. लेक म्हणून ठेवतो, वाट्याला येईल ते खाईल. वडलांनी होकार दिला, पण अर्धाच. लातूरला मी येतो, तिथं बघतो आणि मग ठरवतो, असं ते म्हणाले. म्हणजे मी जळकोटला राहणार की अर्धापूरला जाणार, हे लातूरला ठरायचं होतं. मला त्यात काळजीचं काही वाटलं नाही. मी चांगली खेळले की झालं, असा माझा सरळ हिशेब होता.

घरचे गुरं घेऊन अर्धापूरला गेले आणि मी अप्पांकडे राहायला आले. अप्पांच्या घरात सगळ्यांच्या गळ्यात लिंग, पूजा झाल्याशिवाय पाणीसुद्धा तोंडात नाही. आमच्या घरी सणावाराला कोंबडं कापायचे. इथं त्याचं नाव काढायची सोय नव्हती. आडाच्या तळाशी थोडं पाणी उरलं होतं. आक्काची आई, जिला घरात अव्वा म्हणत, ते सगळ्यांना सारखं मोजून द्यायची. माझा तांब्या तिच्या पोटच्या लेकरांच्या तांब्याएवढाच भरायचा, वर एक थेंब नाही, खाली एक थेंब नाही. पहिल्या सकाळी सवयीनं मी तोंड धुतलेलं पाणी मोरीत सोडलं. अव्वानं मोरीच्या तोंडाशी एक घमेलं आणून ठेवलं. मी दिवसभर तिच्यासमोर गेले नाही. संध्याकाळी तिनंच हाक मारून शेंगांची चटणी आणि भाकर पुढं ठेवली. त्या घरात मला कुणी परकं धरलं नाही. तरी आईची आठवण यायचीच, आणि आली की मी मैदानावर जास्त पळायचे.

लातूरच्या दिवशी अप्पांनी दुकान बंद ठेवलं. बाजाराचा दिवस असून ठेवलं. पालकांची पाळी आज माझी आहे म्हणाले आणि आमच्याबरोबर एसटीत बसले. लातूरला जिकडं तिकडं जिल्ह्याच्या नव्या पाट्या, काहींचा रंगही वाळलेला नव्हता. मैदान मात्र बघण्यासारखं होतं. आखीव, सपाट आणि भिजवलेलं. इतकं पाणी जमिनीवर मारलेलं बघून आमच्यातली एक पोरगी म्हणाली, हे अव्वाला सांगायचं नाही.

पहिला सामना आम्ही जिंकलो. जिंकता जिंकता खांबाला वळसा घेताना माझा पाय मुरगळला. जेवणाच्या सुट्टीत घोटा भाकरीसारखा टम्म फुगला आणि नेमके तेव्हाच वडील आले. अर्धापूरहून नांदेड, नांदेडहून लातूर, अशा एसट्या बदलत, धोतराचा पार चोळामोळा झालेला, उपरण्यात केळ्यांचा फणा बांधलेला. मैदानाच्या दोरीजवळ येऊन ते बावरून उभे राहिले. पाठ करायची तरी कुणाकडं? चारी बाजूंनी माणसं आणि सगळ्या मैदानांवर पोरीच. शेवटी नाइलाजानं त्यांनी सरळ समोर बघायला सुरुवात केली. आपला बाप आज पहिल्यांदा आपल्याला पळताना बघणार, हे माझ्या लक्षात आलं आणि मी पाय जमिनीला टेकवून उभी राहिले.

पुढचा सामना लातूर शहराच्या संघाशी होता. तो जिंकला तर आमच्यातल्या बऱ्याचजणींची निवड होणार हे सगळ्यांना माहीत होतं. निवड करायला आलेल्या सरांनीही आक्काला सांगितलं की मुलगी चांगली आहे, पट्टी घट्ट बांधा, एवढा सामना निघून जाईल. पोरींनी आक्काला घेरलं. मी तर ओरडूनच सांगितलं की दुखत नाही. आक्कानं खाली बसून माझा घोटा दोन बोटांनी दाबला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.

“न्हाई,” ती म्हणाली. “तू बसायचं.”

मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. एक तेवढं लिहिते. मी म्हणाले, “तुझं काय जातंय? तू तुझ्या घरला जाशील. मला अर्धापूरला न्हेतील.”

ती उठली, राखीव पोरीची वेणी घट्ट बांधून दिली आणि तिला मैदानात पाठवलं.

आम्ही हरलो. फार थोडक्यात हरलो, म्हणून जास्त लागलं. निवड झाली ती आमच्यातल्या दोघींची. त्यांच्या पाठीवर थाप मारताना आक्का हसत होती, मग नळावर गेली आणि बराच वेळ तोंड धूत राहिली. कॉलेज सोडल्यापासून तिनं या एका दिवसाची वाट बघितली होती. पण हे मला आज कळतं. तेव्हा मी तिच्याकडे बघायलाही तयार नव्हते. मी अप्पांच्या शेजारी बसून, अर्धापूरच्या शाळेत मला कोण ओळखणार, याचा विचार करत रडत होते.

वडील एवढा वेळ दोरीजवळच उभे होते. सरांचं बोलणं, पोरींच्या विनवण्या, माझा आरडाओरडा, सगळं त्यांनी जागेवरून ऐकलं होतं. आक्काच त्यांच्याकडे चालत गेली. मीही लंगडत मागं गेले. निकाल माझा होता.

“काका, जशी दिली तशी परत देता आली न्हाई,” ती म्हणाली. “पाय मुरगळलाय. तुमी इतक्या लांबून बगायला आलात, आन् मला हिला खेळवता बी आलं न्हाई.”

वडलांनी माझ्या पायाकडे बघितलं. मग तिच्याकडे.

“लंगडत खेळवली असती, तर आजच संगं न्हेलो असतो.”

असं म्हणून त्यांनी काखेत घडी करून धरलेली कापडी पिशवी काढली. ती आईची पिशवी होती. जळकोटला येऊन माझे कपडे त्यात भरायचे आणि मला घेऊन जायचं, अशाच तयारीनं ते निघाले होते. त्यांनी ती झटकली, उपरण्यातली केळी तिच्यात घातली आणि घरच्यांसाठी म्हणून अप्पांच्या हातात दिली. पायाची सूज उतरेपर्यंत हिला पळू देऊ नका, पाऊस पडला की आम्हीच गुरं घेऊन घरी येतो, एवढं सांगून त्यांनी नांदेडची एसटी कुठं लागते ते विचारलं.

आम्ही सगळेच एसटी स्टँडकडे निघालो. मी आक्काच्या खांद्यावर हात टाकला. एका पायावर तेवढं अंतर चालायचं होतं म्हणून टाकला, पण दोन्ही पाय धड असते तरी टाकला असता.