दादाच्या खोलीतला केर

दादाच्या खोलीत सकाळचं ऊन शिरलं की जमिनीवरची धूळ जरीच्या शालूसारखी झळाळते. बासष्ट वर्षांचा हा माझा थोरला भाऊ चार महिने झाले, खोली झाडूच देत नाही. आज मी पदर खोचला, झाडू तलवारीसारखा उगारला आणि गरजले, "बाजूला हो दादा, नाहीतर तुलाही सुपलीत भरीन!"

तो हसला नाही. दारात हात आडवा धरून म्हणाला, "माणूस गावाला निघालं की लगेच केर काढू नये. पोचल्याचं कळलं की काढावा. आई सांगायची ना?"

"हो, पण गावाला गेलंय कोण?"

"तुझी वहिनी याच खोलीतून दवाखान्यात गेली. तिथून पुढे कुठं पोचली, कळवलं का कुणी?"

माझं नाटक तिथंच संपलं. वहिनीचं तेरावं याच घरात झालं होतं. आईचा नियम एसटीनं जाणाऱ्यांसाठी होता. दोन दिवसांत खुशालीचं पत्र यायचं आणि घर पुन्हा लख्ख व्हायचं. ज्याचं पत्र येणारच नाही, त्याच्यासाठी किती दिवस थांबायचं, हे तिनं कधी सांगितलं नाही.

मी झाडू बाहेर ठेवला आणि दादाशेजारी त्या धुळीतच बसले.