बारा इंची चाक

पनवेलहून निघालो तेव्हा बाबा पुढचा रस्ता बघायचं सोडून सारखे मागे वळून बघत होते. गाडीला जोडलेल्या ट्रेलरवर त्यांची चौदा फुटी शिडाची होडी होती. गोदीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर ती त्यांनी स्वतः बांधली. गेली सहा वर्षं मात्र ती एका मित्राच्या आवारात ताडपत्रीखाली पडून होती. बाबा आता सत्त्याहत्तर वर्षांचे. पुढच्या आठवड्यात दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया. "त्याआधी एकदा दाभोळच्या खाडीत," एवढंच ते म्हणाले होते. तिथे माझ्या आतेभावाच्या घरामागे होडी उतरवता येते, पण पाणी तिथवर फक्त उधाणाला (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला) चढतं. सोमवारची दुपार चुकली की पुढचे पंधरा दिवस नाही.

निघण्याआधी मी शीड उलगडून पाहिलं, दोर तपासले, सुकाणूच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. टायरमध्ये हवा भरली आणि तेवढ्यावर समाधान मानलं.

माणगावपर्यंत लोक होडीकडे बघून हसत होते, मोबाइल काढत होते. महाडला चहाला थांबलो तर कुणी हसलं नाही. चहावाल्या बाईंनी हळूच विचारलं, "पुरासाठी आणली काय?"

"नाही हो, हौसेची आहे," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुढचा चहा गाळायला लागल्या. मला उगीचच ओशाळल्यासारखं झालं.

सावित्रीचा पूल ओलांडून पोलादपूरच्या दिशेला लागलो आणि मागे धाडकन आवाज झाला. ट्रेलर हेलकावला. कशीबशी कडेला घेतली. डावा टायर बाजूने उभा फाटला होता. स्टेपनी लावली, तर पोलादपूर येता येता तिलाही फुगा आला. पंक्चरवाल्या दिलीपच्या दुकानापर्यंत आम्ही अक्षरशः चालत्या माणसाच्या वेगाने पोचलो.

दिलीप मुंबईत बरीच वर्षं काढून परतलेला. त्याने टायरवरून बोट फिरवलं. "एका जागी उभे होते ना? बघा, रबर कसा तडकलाय. उजवा कुणीतरी मधी बदललाय, तो ओके हाय. पण बारा इंची साइज आता इथं कोण ठेवत नाय. चिपळूणला मिळंल, पण आज रविवार. उद्या दुकान उघडल्यावर."

उद्या चिपळूणला जाऊन परत यायचं म्हणजे भरती गेलीच. बाबा होडीच्या कडेला हात टेकून उभे राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना. चूक माझी होती.

दिलीप जरा घुटमळला. "गायकवाड भाऊंच्याकडं हाय तसलं चाक. जुन्या मोटारीचं. पण ते देणार नाय."

तरी तो आम्हाला घेऊन गेला. सुभाष गायकवाड तहसील कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. पूर्वी महाडला नदीजवळ राहायचे, पुरानंतर इथे चढावर घर बांधलं. अंगणात पत्र्याच्या शेडखाली एक छोटी पांढरी मोटार, वर फुलाफुलांची चादर. माझं बोलणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. "ताई, दुसरं काय पण मागा. चाक नाय देता येणार. रागावू नका."

बाबा एव्हाना पायरीवर टेकले होते. त्यांनी विचारलं, "हवा कोण भरतं?"

"मीच. महिन्याला."

"चांगली ठेवलीय."

एवढ्याने गायकवाड त्यांच्याशेजारी बसले. महाडच्या पुरात घरात पाणी शिरायला लागलं तेव्हा ते गाडी काढायला खाली उतरले होते, त्यांनी सांगितलं. गाडी निघाली नाही, गेटात अडकली, आणि त्यांना जिन्यापर्यंत परतता आलं नाही. सबंध रात्र त्यांनी गाडीच्या टपावर काढली. वरच्या मजल्यावरून शालिनीवहिनी, त्यांची पत्नी, अंधारात हाका मारत होत्या. सकाळी शेजाऱ्यांनी दोर टाकून त्यांना काढलं.

"इंजिनात गाळ हाय अजून," वहिनी दारातून म्हणाल्या. "चालायची नाय ती. तरी रोज पुसतात. पावसाच्या रात्री उठून तिच्यापाशी जाऊन उभे राहतात. मला तिच्याकडं बघवत नाय."

गायकवाडांनी बाबांना विचारलं, "होडीत भीती नाय वाटत?"

"वाटते," बाबा म्हणाले. "दर वेळी वाटते."

गायकवाडांनी एकदा शेडकडे पाहिलं. मग गायकवाड आत गेले आणि पाना घेऊन आले.

गाडीखाली जांभ्या दगडाचे चिरे रचून दिलीपने चाक उतरवलं. गायकवाडांचा हात तेवढा वेळ बॉनेटवर होता. वहिनींनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी आणि वांग्यात सोडे (उन्हात वाळवलेली कोळंबी). बाबांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

सोमवारी पाणी वेळेवर चढलं. बाबांचे पाय मी एकेक करून होडीत ठेवले. तासभर सुकाणू त्यांच्या हातात होतं. वारा बेताचाच होता, तरी ते मला शीड ओढायला, सोडायला सांगत राहिले, आणि मी चुकले की पूर्वीसारखेच रागावले.

बुधवारी चिपळूणला नवा टायर घेऊन, उसनं चाक परत करायला पोलादपूरला थांबलो. शेड रिकामी होती. जमिनीवर चादर अंथरून वहिनींनी मिरच्या वाळत घातल्या होत्या.

"काल भंगारवाला घेऊन गेला," गायकवाड म्हणाले.

परत द्यायला आणलेलं चाक हातात तसंच होतं.

"तुमच्यामुळं नाय. तीन चाकांवर उभी बघितली आणि कळलं, ती गाडी राहिली नाय. तिनं मला एक रात्र धरलं. मी तिला किती वर्षं धरू?" मग म्हणाले, "चाक ठेवा. तुमची स्टेपनी धड नाय."

रस्त्यात अडलो आणि देवासारखा माणूस भेटला, असं आपण घरी आल्यावर सांगतो. मलाही तसंच सांगता आलं असतं. पण आम्हाला पुढे जायला मिळावं म्हणून त्या माणसाने काय हातचं सोडलं, आणि ते सुटणं त्याला बरं होतं की वाईट, हे मला त्या अंगणात उभं राहूनही नीट कळलं नाही. निघताना वहिनी गाडीपर्यंत आल्या. "आता पावसाच्या रात्री कशा जातात बघू," एवढंच म्हणाल्या.

जुलैत एका रात्री धो धो कोसळत होतं. गुडघ्यांना पट्ट्या बांधलेल्या बाबांनी स्वतःच फोन मागून घेतला. गायकवाडांशी ते अर्धा तास बोलले. टायर, गंज, गुडघे. पलीकडेही पाऊस ऐकू येत होता. त्याबद्दल मात्र दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही.