काजवालीचा चार ते पाचचा तास

माझ्या शिवणाच्या दुकानात काज-बटण करणाऱ्या बाईला सगळे काजवाली म्हणतात. मी तिची मालकीण. माझी जीभ कात्रीपेक्षा बरी चालते, हे आधीच सांगून ठेवते. अकरा वर्षांत तिच्या हातचं एक काज मला उसवावं लागलं नाही. पण साडेतीन वाजले की नवरीचा पोशाख का अर्धवट असेना, बाई उठायची म्हणजे उठायची. चारला तिची लेक शाळेतून येते.

लेक नऊ वर्षांची. शाळेत म्हणे गरीब गाय. घरचा उंबरा ओलांडला की दप्तर भिरकावायची, खाटेखाली शिरायची आणि तासभर किंचाळायची. गोंगाट, झगझगीत उजेड, अंगाला काचणारं कापड, काहीच तिला सोसत नाही. शाळेत दात आवळून दाबलेलं सगळं चार ते पाचमध्ये बाहेर पडायचं. काजवाली खिडक्या लावून खाटेशेजारी जमिनीवर बसायची, अवाक्षर विचारायची नाही, आणि आपला हात पुढे करायची. पोर कडकडून चावायची. पाचला बाहेर येऊन खायला मागायची. तिच्या एकाही कपड्याच्या गळ्याला लेबल नव्हतं. आईनं सगळी उसवली होती.

शेजारी म्हणत, पोरीला मारते. नवरा बस चालवतो, सहाला घरी येई, तोवर सगळं शांत. तो म्हणे, "शाळेत शहाण्यासारखी वागते, मग खोट तुझ्यातच आहे." मीही काही कमी नव्हते. "लाडानं डोक्यावर बसवलीस," असं एकदा तोंडावर म्हणाले. तिनं बाही खाली ओढली आणि हातातलं काज पुरं केलं. मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

वर्गात लेकीजवळ मदतनीस बसावी म्हणून तिनं शिक्षण खात्याकडे दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा उत्तर एकच: शाळेत अडचण दिसत नाही. तिसऱ्या खेपेला खात्याच्या तपासणीच्या बाई घरी येऊन बघायला तयार झाल्या. चार वाजता, वीस मिनिटं. हीच शेवटची संधी होती.

"ताई, नेमकी त्याच दिवशी गप्प बसली तर?" काजवाली रडकुंडीला आली होती.

"बसेल कशी? आतला दोष गिऱ्हाइकाला दाखवायचा तर आपण टाका उसवतोच ना? घरच्या फ्रॉकला लेबल लाव. कडक, जरीचं. खिडक्या उघड्या ठेव. प्रश्न विचार."

तिनं माझ्याच डब्यातलं लेबल घेतलं आणि चारही बाजूंनी पक्कं शिवलं.

त्या दिवशी साक्षीला मी हजर होते. तपासणीच्या बाई खुर्चीवर, मांडीवर कागद. पोर आली, आईनं तिला फ्रॉक घातला आणि सुरू केलं, "आज काय शिकवलं? कोणाशी खेळलीस? डबा संपवलास?" बघता बघता पोरीची मान लाल झाली. मी मनातल्या मनात म्हणत होते, रड गं बाई, एकदाची रड. लेकराच्या रडण्याची अशी वाट मी जन्मात पाहिली नव्हती.

पोरीनं आईकडे पाहिलं, मग परक्या बाईंकडे. पाठ ताठ केली. "डबा संपवला. खूप मजा आली." वीस मिनिटांत तिनं मान एकदाही खाजवली नाही.

"किती गुणी आहे!" बाई म्हणाल्या आणि लिहू लागल्या. मी वाकून वाचलं. मुलगी व्यवस्थित. आईला समुपदेशनाची गरज.

दार लागताच काजवालीनं लेकीच्या अंगातला फ्रॉक ओरबाडून काढला, खिडक्या लावल्या, जमिनीवर बसली आणि बाही वर केली. "ये बाळा. गेल्या त्या. चाव मला." पोर जागची हलली नाही. पाच वाजले, सहा वाजले. "चाव गं," आई विनवत होती. मी चपला घालून पळ काढला.

याला दोन महिने झाले. घरात आता आवाज नाही. शेजारी खूश, नवरा खूश. "बघ, आली की नाही ताळ्यावर!" म्हणतो. काजवाली हल्ली पाचपर्यंत दुकानात थांबते, घाई नसते तिला. मी काही विचारत नाही, पण परवा तिनं आपणहून सांगितलं. लेकीला ताप होता. आईच्या कुशीत यायचं होतं. खाटेजवळ येऊन उभी राहिली, वर्गात परवानगी मागतात तसा हात वर केला, आणि आई "ये" म्हणेपर्यंत तशीच थांबली.