पाटावर बसलेलं विद्यापीठ

माझ्या भावाला, आबाजीला, अख्खं चाकण रामराम घालतं. घालू द्या. मी त्याची थोरली बहीन, आक्काबाई. तरणेपनी कपाळ पांढरं झालं, तवापासनं त्याच्या चुलीम्होरं दिवस काढले. त्यो किती पान्यात हाय ते मला ठावं हाय!

पन सांगायचं हाय ते कुसुमचं. कुसुम त्याची सून, सोनबाची बायको, देहूची पोर. म्याट्रिक पास होऊन आमच्या घरात आली. लगीन जमवताना आबाजीनं कांद्याच्या बाजारात मिरवलं, "सून म्याट्रिक हाय माझी!" आन् लगीन झाल्यावर तिच्या हातात पेपरचा तुकडा दिसला तरी ह्याच्या कपाळाला आठी. "शिकलीस तेवढं बास. कांदं निवड."

ती निवडायची. पन तिच्या डोक्यात एकच घोळत व्हतं, घरी बसून बाईला कालेजाची परीक्षा देता येती का? सोनबाला इचारलं, तर त्यो म्हनाला, "आबांना इचार." आबाजी म्हनाला, "असलं काय नसतं."

त्याच वक्ताला पुण्याच्या इद्यापीठाची मानसं गावोगाव येऊन भाषनं द्यायला लागली. कुनीबी यावं, कुनीबी ऐकावं, कुनीबी इचारावं, अशी त्यांची रीत. आन् चाकणात ही भाषनं भरवनाऱ्या मंडळाचा अध्यक्ष कोन? आमचा आबाजी! मेल्याला इद्येचं सोयरसुतक न्हाई, पन खुर्ची दिसली की बसलाच. मारुतीच्या देवळात बाप्ये म्होरं, बाया मागं, मधी चादर बांधलेली. बाईनं तोंड उघडायचं न्हाई, हा नेम इद्यापीठाचा न्हवता बरं, आबाजीचा व्हता.

पन ह्याची हौस दांडगी. पुण्याचा प्रोफेसर आधी आपल्या दारात यायचा, अंगनात पाटावर बसायचा, सगळ्या गावादेखत त्याला ओवाळायचं, मंग देवळात भाषन. ओवाळायला सवाशीन लागती. भावजय तर कवाच गेली, मी ही अशी. ऱ्हायली कुसुम. बाईला चादरीमागं कोंबनाऱ्यानं तिला आपल्या हातानं प्रोफेसरच्या म्होरं उभी केली, आन् त्याच्या ध्यानातबी आलं न्हाई!

असंच एका खेपेला कुसुमनं प्रोफेसरला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ताट उचललं. ओवाळाय लागली ती थांबंचना. निरांजन आपलं फिरतंय, फिरतंय. पाव्हना उठनार कसा? ओवाळनं सुरू असताना पाटावरनं कोन उठतं?

"सर, एक विचारू का?" कुसुम म्हनाली. "बाईला घरी अभ्यास करून विद्यापीठाची परीक्षा देता येते का?"

आबाजी खाकरला. प्रोफेसर बिचारा भला. म्हनाला, "अहो, येते की! बायकांसाठी मुद्दाम ती सोय आहे. घरी अभ्यास करा, परीक्षेला पुण्यात या. मागच्या खेपेलाच मी आबाजीरावांना सांगितलं होतं, गावातल्या बायकांच्या कानावर घाला म्हणून. तुम्हाला बोलले नाहीत?"

आता गं बया! कुसुमनं ताट खाली ठेवलं आन् सासऱ्याकडं बगितलं. त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यागत झालं व्हतं. पन गाव बगत व्हतं ना. हसला आन् म्हनाला, "देईल की परीक्षा! सून कुनाची हाय?" लोकांनी टाळ्या पिटल्या.

पाव्हना गेल्यावर ह्यानं घर डोक्यावर घेतलं. "भर अंगनात माझी अब्रू काढलीस!"

"मामंजी, तुम्हीच हो म्हणालात."

"ते पाव्हन्याम्होरं! घरात मी सांगीन ते."

तिनं पुस्तकं मागवली, ह्यानं ती नेऊन कांद्याच्या चाळीत फेकली. मी आनली. माझ्या वाकळंखाली ठेवली. रांडाव बाईचं अंथरून कोन उलथतंय? पोरगी चुलीच्या उजेडात वाचायची आन् मी दाराकडं नजर ठेवून बसायची. सोनबाला सगळं दिसायचं. त्यो कूस बदलायचा.

परीक्षेला ती गेलीच. पुण्यात मावशीकडं ऱ्हायली, समदे पेपर दिले आन् सांजच्या यष्टीनं परत आली. आबाजीनं आतनं कडी घातली. सोनबा खांबाला टेकून नखं कुरतडत बसला, नंदीबैल मेला!

भाईरनं हाक आली, "आत्याबाई, मी आलेय."

आबाजी मला म्हनाला, "आक्का, कडी काढलीस तर तुलाबी हे घर बंद."

मला भ्या वाटलं, खोटं कशाला बोलू? जलम त्याच्या भाकरीवर गेलेला. पन इतका संताप आला की कडी काढली, वाकळ उचलली, पुस्तकं तिच्यात गुंडाळली आन् उंबरा वलांडला. "बंद तर बंद. बस एकटा अध्यक्ष हून."

शेजारच्या नजमुन्निसानं आपल्या दुकानामागची खोली दिली. कुसुमला मुलींच्या शाळंत काम लागलं, परीक्षाबी पास झाली. आबाजी गावाला सांगत फिरायचा, "सून माझ्यामुळं शिकली." थू त्याच्या तोंडावर!

म्होरल्या साली पुन्हा भाषन आलं. पुन्हा अंगनात पाट मांडला, पाव्हना बसला, निरांजन लावलं, आन् ओवाळायला घरात बाईच न्हाई. गल्लीतल्या बायांना बोलावनं धाडलं, एक आली न्हाई. शेवटी सोनबा आमच्या दारात. "कुसुम, चल लवकर. पाव्हना पाटावर बसून ऱ्हायलाय. आबांनी बोलावलंय."

कुसुम वेनी घालत व्हती, तिनं मान वळवली न्हाई. म्हनाली, "मामंजींना सांगा, मी येणार आहे. ऐकायला. ओवाळायला नाही."

आमी देवळात गेलो. तिनं मधली चादर बाजूला सारली आन् म्होरं बाप्यांच्या पंगतीत जाऊन बसली. मी तिच्या बाजूला बसले. मागनं एकेक बाई सरकत म्होरं आली. वर खुर्चीतनं आबाजी माझ्याकडं डोळं वटारून बगत व्हता. जलमभर त्या डोळ्यांम्होरं मी मान खाली घातली व्हती. त्या दिशी न्हाई घातली.